आजारी पडण्याची ड्युटी

ये ग रेचल, बस इथं माझ्याजवळ. दारात उभी राहून मोबाइलमध्ये काय बघतेस? तुझं लुसैल काय सातासमुद्रापार आहे का? ट्राम आहे, मेट्रो आहे, तरी तुझं तोंड दिसतं ईस्टरला, नाहीतर कुणी आजारी पडलं तर. माझ्या सख्ख्या बहिणीची नात तू. मराठी सगळं समजतं तुला, बोलायचं मात्र इंग्लिशमध्ये. आणि आज आलीस ती चपला काढायच्या आत म्हणालीस, "आजी, आय ॲम गोइंग विथ युवर ग्रूप. टु युगांडा. व्हॉट शुड आय पॅक?"

पॅकिंगचं बघू मागाहून. खालच्या कॅफेटेरियातून करक चहा मागवलाय, तो पी, आणि मी सांगते ते ऐक.

वाचकहो, रेचलला त्या दिवशी दोह्यात, नजमातल्या माझ्या खोलीत बसून जे सांगितलं, तेच इथं लिहून काढतेय. नाताळ अंकाच्या बाईंनी फोन करून सांगितलं होतं, "फिलोमिनाबाई, तुमच्या कतारच्या नोकरीवर लिहा." मी म्हटलं, बाई, माझी शाळा सातवीत सुटली. पुढचं सगळं बघून बघून आणि ऐकून ऐकून शिकलेलं. मला लिहिताही तसंच येतं, जसं बोलता येतं. त्या म्हणाल्या, मग तसंच लिहा. तेव्हा जास्त झालं तर दोष त्यांचा.

मी नर्स नव्हते, हे आधीच सांगते, कारण वसईत अजून लोक मला "दोह्याच्या नर्सबाई" म्हणतात. मी हेल्पर. आधी इथं एका घरात पोरं सांभाळायला आले, मग ओळखीनं एका हॉस्पिटलच्या बाळंतपणाच्या वॉर्डात लागले, ती रिटायर होईपर्यंत. हेल्पर म्हणजे चादरी बदलणं, लघवीची भांडी देणं, बाळाला आईजवळ नेणं आणणं, वजनाला धरणं. आणि सगळ्यात जोखमीचं काम म्हणजे बाळंतिणीला पहिल्यांदा बाथरूमला नेणं. बाई पलंगावर अगदी ठणठणीत दिसते, उभी राहिली की चार पावलांवर कोसळते. म्हणून तिचा हात सोडायचा नाही आणि तिच्याशी बोलत राहायचं. नाव काय, गाव कुठलं, सासू कशी आहे. उत्तर यायचं थांबलं की समजायचं, चक्कर येतेय, धरा. माझी बडबड लोकांना स्वभाव वाटतो. तो पगाराचा भाग होता.

बोलण्यानं मी एकदा गोत्यातही आले होते. नवी होते तेव्हाची गोष्ट. इथल्याच एका घरची सून बाळंत झाली होती, मुलगा चांगला गुबगुबीत. मी कौतुकानं मोडक्या अरबीत म्हटलं, "किती जाडा आहे ग हा." तिची सासू उठून उभीच राहिली. बाळ माझ्या हातातून काढून घेतलं, त्याच्यावर आपली शाल टाकली आणि मला बाहेर पाठवलं. मग आमच्या सुदानच्या सिस्टरनं मला लिनन रूममध्ये नेऊन समजावलं. "फिलोमिना, आधी माशाल्ला म्हण. मग पाहिजे ते म्हण. नाही म्हटलं तर तुझी नजर लागते." मला हसू आलं, कारण आमच्याकडे तीट लावतात ती कशासाठी? गोष्ट तीच. पण आपली तीट आपल्याला कळते, दुसऱ्याची कळायला वेळ लागतो. हे मला तेव्हा कळलं, आणि कळून मी विसरले. कशी विसरले तेच सांगायचंय.

रिटायर झाले, मुलाच्या व्हिसावर राहिले. घरात बसून करायचं काय? आमच्या ओळखीतल्या बायकांचा एक ग्रूप होता. कुणी नर्स, कुणी ऑफिसातल्या, कुणी घरीच असणाऱ्या. वर्षातून एकदा सुट्टी काढून युगांडातल्या एका खेड्यातल्या दवाखान्यात जायच्या, औषधं आणि सामान घेऊन, आणि पडेल ते काम करून यायच्या. त्यांनी मला विचारलं, मी हो म्हटलं.

दवाखाना म्हणजे लाल मातीच्या रस्त्याला लागून बसकी पत्र्याची इमारत. पुढे एक मोठा आंबा, मागे केळीच्या बागा, नजर जाईल तिथपर्यंत. मी वसईची, केळीच्या बागेत वाढलेली. गाडीतून उतरले आणि मला रडूच आलं, इतकं आमच्यासारखं. डॉक्टर तिथं कधीमधी येतात. रोजचं सगळं बघतात एक इनचार्ज सिस्टर आणि नर्सिंग कॉलेजातून प्रॅक्टिकलला पाठवलेल्या मुली. त्यातली एक मर्सी.

मर्सी उंच, सडसडीत, बोलायला हळू. दोह्यात बाळाचे ठोके मशिनवर ऐकू येतात, कागदावर रेघ उमटते. मर्सीकडे होतं एक नरसाळ्यासारखं छोटं लाकडी यंत्र. एक टोक बाईच्या पोटावर, दुसरं हिच्या कानाला, हात सोडून द्यायचे आणि डोळे मिटायचे. त्या वेळी खोलीत कुणी बोललेलं तिला चालायचं नाही. मलाही नाही. ती मला जाजा म्हणायची. त्यांच्या भाषेत जाजा म्हणजे आजी. आणि जाजाला तिकडे कुणी नाही म्हणत नाही. ही आदराची गोष्ट आहे, आणि आमचं सगळं घोडं इथंच अडलं.

दवाखान्याची अडचण अशी होती की गरोदर बायका तपासायला यायच्याच नाहीत. आल्या तर थेट कळा सुरू झाल्यावर. आणि वरून निरोप आला होता की बायका येत नसतील तर शिकाऊ मुलींना दुसरीकडे पाठवू. मुली गेल्या की बाळंतपणाची खोली बंद पडणार हे नक्की.

आमच्या ग्रूपमध्ये वैशाली म्हणून एक आहे, मूळ पुण्याची, नवरा गॅस कंपनीत, राहायला द पर्लला, समुद्रावरच्या श्रीमंत वस्तीत. मनानं सोनं, पण डोक्यात एखादी कल्पना आली की तिचं लगेच टाइमटेबल होतं. ती म्हणाली, "मावशी, बायका का येत नाहीत? कारण दवाखाना म्हणजे आजार वाटतो. आपण त्याचा आनंद करू. डोहाळजेवण करू."

मला ते इतकं पटलं की विचारू नका. आमच्यातही सातव्या महिन्यात मुलीला माहेरी आणताना गोडधोड करतात. मीच नजमातल्या दुकानातून हिरव्या बांगड्या घेऊन दिल्या, मापं मोठी बघून. इनचार्ज सिस्टर तेव्हा रजेवर होत्या. आम्ही मर्सीला विचारलं, "चालेल ना?" ती म्हणाली, "तुम्ही इतक्या लांबून आणलंय, जाजा." आम्हाला वाटलं, ही हो म्हणतेय.

तर आंब्याखाली, रस्त्याच्या कडेला, चटया घातल्या. स्पीकर लावला. घरोघरी निरोप पाठवून ज्या बायका आल्या त्यांना ओळीनं बसवलं, फुलांच्या माळा हातात बांधल्या, बांगड्या भरल्या, तांदूळ आणि केळी पदरात घातली. पदर नव्हता, किटेंगे होतं, म्हणजे कमरेला गुंडाळतात ते रंगीत कापड. मग वैशालीनं दोन वाट्या उपड्या ठेवल्या, एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. सगळ्यात आधी वाटी उचलली नामुतेबी नावाच्या बाईनं. पेढा निघाला. बाजारचा दिवस, रस्त्यावर ही गर्दी, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मर्सीनंही वाजवल्या. वैशालीनं फोटो काढले.

कार्यक्रम झाल्यावर मर्सीनं त्या बायकांना तपासलं. नामुतेबीचे पाय सुजलेले होते, बीपी चढलेलं. तिची आधीची दोन बाळं गेलेली. मर्सीनं तिला गोळ्या दिल्या आणि दर आठवड्याला यायला सांगितलं.

हे जरा समजून घे, रेचल. गरोदरपणात काही बायकांचं बीपी चढतं. हातपाय सुजतात, लघवीतून प्रोटीन जायला लागतं. बाईला वाटतं, दिवस भरत आलेत, सूज यायचीच. मग एक दिवस डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे काजवे चमकतात आणि झटके सुरू होतात. मी वॉर्डात एकदा पाहिलंय, पुन्हा बघायची माझी इच्छा नाही. त्यात आईही जाते आणि बाळही. पण वेळेत कळलं तर इंजेक्शन आहे, ऑपरेशन आहे. फक्त कळण्यासाठी बाई समोर यावी लागते.

आम्ही दोह्याला परत आलो ते हवेतच. वैशालीनं फोटो मोठे करून हॉलमध्ये लावले. मी चर्चमध्ये दिसेल त्याला सांगितलं. मर्सीला अधूनमधून फोन करायचे. एकदा विचारलं, "काय ग, तपासणीच्या दिवशी गर्दी असते ना आता?"

ती म्हणाली, "इट्स क्वाएट, जाजा."

मी थांबले. दोह्यात असो नाहीतर वसईत, कुठलीही नर्स 'आज शांत आहे' असं तोंडातून काढत नाही. काढलं की लगेच रांग लागते, असा सगळ्यांचा पक्का समज. नर्स स्वतःहून शांत आहे म्हणतेय, म्हणजे तिला रांग लागलेली हवीय.

"नामुतेबी येते?"

"जाजा, तुमचा गुडघा कसा आहे?"

"गुडघा जाऊ दे खड्ड्यात. नामुतेबी येते का?"

ती पुन्हा गुडघ्यावरच आली. मग मला वॉर्डातली आमची पायरी आठवली. हेल्पर कितीही म्हातारी असली तरी कालच्या शिकाऊ नर्सनं सांगितलं की उठायचं असतं. मी म्हटलं, "मर्सी, जाजाला बाजूला ठेव. मी हेल्पर आहे, तू नर्स. नर्सनं हेल्परला चुकलेलं सांगायचं असतं. सांग."

तेव्हा तिनं सांगितलं. त्या गावात पोटातल्या बाळाबद्दल कुणी बोलत नाही. बाईला दिवस गेलेत हे शेजारणीला दिसतं, पण ती दिसल्याचं दाखवत नाही. बाळ हातात येईपर्यंत बाळ नाहीच, असं सगळे वागतात. कुणाची नजर, कुणाचं वाईट मन, काय सांगावं. आणि आम्ही त्यांना भर रस्त्यावर, स्पीकर लावून, फुलं बांधून, मुलगा होणार म्हणून टाळ्या वाजवून बसवलं होतं. त्या दिवसानंतर एकही गरोदर बाई दवाखान्याच्या पुढच्या रस्त्यानं गेली नव्हती. नामुतेबीच्या सासूनं तर म्हटलं होतं, दोन घालवलीत, तिसरं या पाहुण्यांनी बाजारात मांडलं.

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुम्ही इतक्या लांबून आणलं होतं, जाजा."

मी तशीच वैशालीकडे गेले. तिनं सगळं ऐकलं, म्हणाली, "मावशी, आपण बांगड्या नेल्या होत्या, बाँब नव्हे."

"त्यांच्यासाठी बाँबच झाला."

बाल्कनीतून खालच्या बोटी बघत ती म्हणाली, "आपण तरी काय वेगळं करतो? माझ्या वेळी तिसरा महिना सरेपर्यंत सासूबाईंनी सख्ख्या बहिणीला सांगू दिलं नव्हतं."

"आपली भीती तीन महिन्यांत सरते. ज्यांनी लेकरं पुरलीत त्यांची शेवटपर्यंत राहते. एवढाच फरक."

"फोटो काढून टाकू भिंतीवरचे?"

"नामुतेबीचा आधी काढ."

ईदच्या सुट्टीत आम्ही दोघीच परत गेलो. या वेळी सामानात काही नव्हतं, आणि डोक्यातही काही नेलं नव्हतं. मी मर्सीला म्हटलं, तू सांगशील ते करू. इनचार्ज सिस्टर हसून म्हणाल्या, "हे पहिल्यांदाच झालं."

मर्सीनं आधीच विचार करून ठेवला होता. बाजाराच्या दिवशी आंब्याच्या फांदीला वजनकाटा टांगायचा आणि गावातल्या सगळ्या लहान पोरांची वजनं करायची. पोराला घेऊन कोणीही बाई येऊ शकते, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पोराचं वजन होईतो आई पाणी प्यायला म्हणून मागे जाणार. मागे केळीच्या बागेतून दवाखान्याचं मागचं दार, आत मर्सी. कोण गेलं, कोण आलं, पुढच्यांना कळायचं कारण नाही. "पण पुढे आवाज पाहिजे," मर्सी म्हणाली. "लोकांनी पुढे बघायला पाहिजे." आणि तिनं माझ्याकडे बघितलं.

तर अशी मी त्या आंब्याखाली खुर्ची टाकून बसले. कापडी झोळीत पोर घालायचं, काट्याला लटकवायचं, ते भोकाड पसरतं, मी त्याच्याशी मराठीत भांडते. "अरे रडतोस काय, तुझ्या बापानं एवढं वजन बघितलं होतं का?" त्यांना एक अक्षर कळत नव्हतं आणि सगळे पोट धरून हसत होते. ज्यांना पोर नव्हतं त्या शेजारणीचं उसनं घेऊन यायला लागल्या. एक काळ्या चड्डीवाला तर तीनदा आला, तीन वेगळ्या आयांबरोबर. तिसऱ्यांदा टांगला तेव्हा तो रडायचंही विसरला होता. मी म्हटलं, "बाळा, तुझ्याइतकी नोकरी मीसुद्धा नाही केली."

बायका येत होत्या. नामुतेबी येत नव्हती.

वैशालीचा जीव वरखाली. "मावशी, गाडी आहे आपल्याकडे. तिच्या घरी जाऊ."

मर्सी म्हणाली, "तुम्ही गेलात तर अख्खं गाव मागे येईल. ती आतून कडी लावून घेईल. मग कधीच येणार नाही."

"आणि न आल्यामुळे तिला काही झालं तर?"

मर्सीलाही झोप नव्हती, तिच्या डोळ्यांवरून कळत होतं. पण ती गेली नाही आणि आम्हाला जाऊ दिलं नाही. मला बसून राहायची सवय नाही, रेचल. माझ्या सगळ्या नोकरीत कुणी घंटी दाबली की मी उठलेय. इथं कुणी घंटी दाबत नव्हतं आणि उठायचं नव्हतं. इतकं कठीण काम मी दुसरं केलं नाही.

आमच्या परतीच्या आधीचा शेवटचा बाजार. दुपार कलत आलेली. रस्त्यानं एक बाई आली, डोक्यावर केळ्यांचा घड, बाजूला कुणाचंतरी पोर हाताशी धरलेलं, मागे एक म्हातारी. पायात पुरुषी सपाता, कारण बायकांच्या चपला त्या पायांना होणाऱ्याच नव्हत्या. चेहराही सुजलेला. नामुतेबी.

मी उठून तिला मिठी मारायला हवी होती. मी ढुंकूनही बघितलं नाही. तिच्याबरोबरच्या पोराला झोळीत घातलं, आणि वजन लिहून घेणाऱ्या शिकाऊ मुलीकरवी केळ्यांचं विचारलं. "ही भाजीची की पिकवायची?"

ती म्हणाली, "भाजीची."

"आमच्याकडे यांची सुकवून वडी करतात."

"केळी सुकवतात?" त्या म्हातारीनं मध्येच विचारलं, आणि मला वेडी ठरवून मान हलवली. ती सासू. तेवढ्यात नामुतेबी पाणी प्यायला मागे गेली होती.

थोड्या वेळानं इनचार्ज सिस्टर माझ्या खुर्चीमागे येऊन हळूच म्हणाल्या, "बीपी खूप आहे. डोकं दुखतंय म्हणते. मर्सी इंजेक्शन देतेय, पण हिला मोठ्या हॉस्पिटलात न्यायला हवं. आत्ता."

मोठं हॉस्पिटल लांब, रस्ता हा असा. गाडी आमची होती, पण ती उभी होती पुढे, भर बाजारात. मी मागच्या दारानं आत गेले. नामुतेबी टेबलावर डाव्या कुशीवर पडलेली आणि मान हलवत होती. नाही. त्या गाडीत सगळ्यांसमोर बसणार नाही. एकदा बसले होते आंब्याखाली, पुरे. सासूही आत आलेली, तिच्याच बाजूची. म्हणाली, अंधार पडला की बागेतून चालत नेऊ. इनचार्ज सिस्टरनी सांगून पाहिलं, अंधारापर्यंत वेळ नाही. सासू अंधाराचंच धरून बसली.

मर्सी कोपऱ्यात उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं.

"जाजा, तुमचं पोट दुखतंय."

"नाही ग, मस्त आहे मी."

"जाजा," ती म्हणाली, "तुमचं पोट फार दुखतंय."

आधी मला कळलं नाही. मग कळलं. तिनं तेच सासूला तिच्या भाषेत सांगितलं. सासूनं माझ्याकडे असं बघितलं, जसं गाय विकत घेताना बघतात. मग मान डोलावली.

मी पुढे आंब्याखाली गेले, खुर्चीत बसले आणि पोट धरून कण्हायला लागले. वैशालीला सांगायला कुणाला वेळच मिळाला नव्हता. ती धावत आली, चेहरा पांढराफटक. "मावशी, काय होतंय? छातीत का? डावा हात दुखतोय?"

मी दातांतून म्हटलं, "नाटक आहे ग. रड जरा."

दोन क्षण ती बघत राहिली आणि मग जे रडली, माझ्याच अंगावर काटा आला. कॉलेजात तिला एकांकिकेचं बक्षीस मिळालं होतं असं ती नेहमी सांगायची, मी कधी खरं मानलं नव्हतं. सगळा बाजार गोळा झाला. चौघांनी मला खुर्चीसकट उचललं. कुणीतरी मोठ्यानं प्रार्थना सुरू केली. माझी बॅग उचलून, पोटाशी धरून, मागोमाग नामुतेबी गाडीत चढली, पाहुणीची सेवा करायला. सासू चढली आणि सगळ्यांना दिसतील असे माझे पाय चेपायला लागली. मर्सी शेवटी आली आणि दार ओढून घेतलं.

शेवटचं घर मागे पडलं तशी मी उठले, नामुतेबीला आडवं केलं आणि तिचा हात धरून बोलत राहिले. माझं अर्धं मराठी, अर्धं इंग्लिश, मर्सी जमेल ते सांगत होती. खड्डा आला की सासू माझ्या खांद्याला धरायची. मला आत भीती वाटत होती, ती मी बोलण्याखाली दाबून ठेवली. नामुतेबी मधूनमधून हुं म्हणायची. ते हुं आलं की मी लगेच पुढचा प्रश्न विचारायचे.

हॉस्पिटलात तिला सरळ आत घेतलं. झटके आले नाहीत. ऑपरेशन झालं आणि मुलगी झाली, लहानशी, पण आवाज असा की बाहेरच्या बाकावर ऐकू आला. त्या वेळी मी शहाणी झाले होते. सासूच्या मांडीवरच्या त्या गाठोड्याकडे बघून म्हटलं, "शी, कसलं हे उंदराएवढं पोर." मर्सीनं सांगितलं, तशी म्हातारी पहिल्यांदा हसली. पुढचे सगळे दात पडलेले. मग तिनं माझा हात धरला आणि सोडलाच नाही.

आम्ही गावात परत गेलो तर लोक वाट बघत होते, जाजा वाचली म्हणून. दोन कोंबड्या आल्या. केळ्यांचे घड तर किती. आणि तीन म्हाताऱ्यांनी मिळून कसल्याशा पानांचा कडूजहर काढा आणला, समोर उभं राहून प्यायला लावला. खोट्या दुखण्यावर खरा काढा. वैशाली रुमालात तोंड घालून हसत होती. मी तिला म्हटलं, खलास, पुरे कर, नाहीतर तुलाही पाजते.

मधल्या त्या महिन्यांत ज्या बायका भीतीनं आल्या नाहीत, त्यांचं काय झालं ते मला ठाऊक नाही. मर्सीला असेल. मी एकदा विचारलं, ती म्हणाली, "जाजा, आता येतात ना." तेवढ्यावर मी गप्प बसले, पण ते मनातून जात नाही. आणि येतात हे खरं आहे. बाळंतपणाची खोली चालू आहे. मर्सी पास झाली, तिला शहरात जागा मिळत होती, तरी तिथंच राहिली. आता नव्या शिकाऊ मुलींना तीच शिकवते, बोलायला हळू आणि आवाज केला तर रागवते. आमचा ग्रूप जातो तेव्हा काय आणू हे तिला आधी विचारतो, आणि ती आता स्पष्ट नाही म्हणते. मला त्याचा फार आनंद होतो.

आणि आता ऐक, कारण तू जाणार आहेस. मागच्या आठवड्यात मर्सीचा व्हिडिओ कॉल आला. तिच्या शेजारी नामुतेबी, मुलीचं वजन करायला आलेली. मुलगी आता धरून उभी राहते, कॅमेऱ्याला हात लावत होती. नामुतेबीनं किटेंगे नेहमीपेक्षा वर आणि सैल बांधलं होतं. म्हणाली, "जाजा, बाग छान लागलीय. कधी येतेस?" मी मर्सीकडे बघितलं. मर्सीचा चेहरा साधा, सरळ, ड्युटीवर असतो तसा.

मी केळ्यांचं विचारलं. सासूचं विचारलं. मग म्हटलं, "मुलीला दर आठवड्याला वजनाला आणत जा हं."

"आणते," ती म्हणाली आणि खाली बघून हसली. "पण तू लवकर ये."

तेव्हा रेचल, तुला तिथं नामुतेबी भेटेल. तिच्याशी मुलीबद्दल बोल, बागेबद्दल बोल, बाकी जे दिसेल ते दिसल्याचं दाखवू नकोस, आणि मर्सी सांगेल तेवढंच कर. आणि येत्या शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, चर्चमधली मिस्सा झाली की इकडे जेवायलाच ये. मला दोघींची तिकिटं एकत्र काढायची आहेत, माझं आणि तुझं, आणि ते मोबाइलवर मला जमत नाही. ये ग बाय, उशीर करू नकोस.